टाइमआउट वाढवू नका, आधी ॲकचा कोड उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेतातल्या पंपांवर कंट्रोलर बसवलेत, ते फोरजी मोडेमवरून सर्व्हरला रीडिंग पाठवतात, यूडीपीवर (पॅकेट पोचलं की नाही ह्याची हमी न देणारी साधी पद्धत) स्वतःचाच रिलायेबल, म्हणजे पोचण्याची खात्री देणारा, प्रोटोकॉल लिहिलाय. सीक्वेन्स नंबर (पॅकेटचा क्रमांक) १६ बिटचा, विंडो (पोच न येता एका वेळी बाहेर असू शकणारी पॅकेट) ३२ पॅकेटची, टाइमआउट (पोच आली नाही तर परत पाठवायच्या आधी थांबायचा वेळ) फिक्स ३०० मिलिसेकंद, सेकंदाला साधारण ५ पॅकेट. ऑफिसात टेबलावर तासभर टेस्ट केली की सगळं हिरवं. फील्डवर मात्र साडेतीन-पावणेचार तासांनी लिंक मरते, रीबूट केलं की परत चालू. त्यात रेंज खराब असली की तीच पॅकेट पुन्हा पुन्हा जायला लागतात, आणि कधी कधी डिव्हाइस म्हणतं फेल झालं पण डेटाबेसमध्ये तेच रीडिंग दोनदा पडलेलं असतं. सीनियरनी टाइमआउट २ सेकंद केलाय, आता बरं वाटतंय, हाच फिक्स म्हणून रिलीज करू का?

नका करू.

बरं का वाटतंय ते आधी सांगतो. उशिरा येणारे ॲक (पॅकेट मिळाल्याची समोरून येणारी पोच) आता टायमर वाजायच्या आत पोचतायत, त्यामुळे उगाच होणारं रीट्रान्समिट (तेच पॅकेट परत पाठवणं) कमी झालंय, आणि रीट्रान्समिट झाल्याशिवाय तुमच्या कोडमधले निम्मे बग जागेच होत नाहीत. पण साडेतीन तासांवाला बग तसाच्या तसा आहे बघा. १६ बिटमध्ये ६५,५३६ नंबर मावतात, मग परत शून्य. ६५,५३६ भागिले ५, म्हणजे १३,१०७ सेकंद, म्हणजे ३ तास ३८ मिनिटं. तुमची लिंक नेमकी तेवढ्यालाच मरतेय आणि तुम्ही तासाभराची टेस्ट करून घरी जाताय, कसा सापडणार.

तुम्ही कोडचं जे वर्णन दिलंय ते असं: ॲक आला की त्यातला नंबर आधीच्या ॲकपेक्षा मोठा आहे का बघ, असेल तर एक बफर (परत पाठवावं लागलं तर म्हणून ठेवलेली पॅकेटची प्रत) फ्री कर आणि विंडो एकने सरकव, नसेल तर सगळ्यात जुनं पेंडिंग पॅकेट परत पाठव. ह्या एका वाक्यात मला चार बग दिसतात. आणि चारही एकाच समजुतीतून आलेत, की ॲक म्हणजे एक घटना, बेल वाजली की दार उघडायचं तशी. ॲक तसा नसतो हो. ॲक म्हणजे समोरच्यानं कधीतरी लिहिलेली चिठ्ठी, की ‘मला इथपर्यंत मिळालंय’. ती उशिरा येईल, दोनदा येईल, मधली एखादी हरवेल, नंतर लिहिलेली आधी येईल, रीबूटच्या आधीची जुनी पण येईल. चिठ्ठी आल्यावर काहीतरी करायचं असं नसतं, चिठ्ठी वाचून आपल्याकडची नोंद सुधारायची आणि मग नोंद बघून काय ते करायचं.

पहिला बग, ‘मोठा आहे का’ ची तुलना. समजा सगळ्यात जुनं न-ॲक झालेलं पॅकेट ६५,५३० आहे, टीसीपीवाले (टीसीपी म्हणजे इंटरनेटचा नेहमीचा रिलायेबल प्रोटोकॉल) ह्या जागेला अना म्हणतात, मी पण तेच म्हणतो. आता ॲक आला ३ चा. माणसाला कळतं की नंबर फिरून शून्यावर गेलाय, पण साध्या तुलनेत ३ हा ६५,५३० पेक्षा लहान, म्हणजे तुमच्या कोडच्या मते हा जुना ॲक, म्हणून तो परत जुनं पॅकेट पाठवतो, समोरून परत ३ येतो, आणि हे असं रीबूट होईपर्यंत. बरोबर पद्धत म्हणजे दोघांची वजाबाकी करायची, ती १६ बिटच्या साइन्ड इंटमध्ये (उणे आकडेही मावणाऱ्या प्रकारात) कास्ट करायची आणि मग शून्याशी तुलना करायची. ३ वजा ६५,५३० म्हणजे उणे ६५,५२७, १६ बिटमध्ये कापलं की ९, म्हणजे नऊ पॅकेट पुढे सरकलो, हिशोब बरोबर. लिनक्सच्या टीसीपीत बिफोर आणि आफ्टर नावाची दोन छोटी फंक्शनं हेच करतात, फक्त ३२ बिटवर.

आणि इथे सी भाषेचा एक छुपा खड्डा आहे, ३२ बिटवाल्यांना तो सहसा लागत नाही, १६ बिटवाल्यांना हमखास लागतो. १६ बिटचे दोन अनसाइन्ड आकडे वजा केले की सी आधी गपचूप त्यांना इंट करतं, त्यामुळे उत्तर येतं खरोखरचं उणे ६५,५२७, आणि कास्ट न करता तुम्ही ‘शून्यापेक्षा कमी का’ विचारलंत तर हो म्हणतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही. मी स्वतः रिव्ह्यूमध्ये हे दोनदा पास केलंय, तिसऱ्यांदा पकडलं. तेव्हा ही तुलना एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि बाकी सगळ्या कोडमध्ये सीक्वेन्स नंबरवर नुसतं लहान-मोठं चिन्ह दिसलं की रिव्ह्यू फेल, असा नियमच करून टाका.

ह्याची टेस्ट फुकटात होते. सुरुवातीचा नंबर शून्याऐवजी ६५,५०० ठेवा, सात-आठ सेकंदात नंबर फिरतो, साडेतीन तास थांबायला नको. लिनक्स कर्नल स्वतःच्या जिफीज काउंटरबरोबर (घड्याळाचे टिक मोजणारा आकडा) हेच करतं, बूट होताना काउंटर मुद्दाम ओव्हरफ्लोच्या ५ मिनिटं आधीच्या आकड्यावर ठेवतात, म्हणजे ज्याच्या ड्रायव्हरमध्ये असली तुलना चुकलीय त्याला पाच मिनिटांत कळतं, महिन्याभरानं गिऱ्हाइकाकडे नाही.

दुसरा बग, ‘एक बफर फ्री कर’. टेबलावर प्रत्येक पॅकेटला एक ॲक येतो म्हणून हे चालतं. फील्डवर ५ आणि ६ चे ॲक हरवले आणि थेट ७ चा आला, तर ५, ६, ७ तिन्ही मोकळे व्हायला हवेत, तुमचा कोड एकच मोकळा करतो. मग अना मागेच राहतो, जी पॅकेट समोर केव्हाच पोचलीत ती परत परत जातात, आणि हळूहळू विंडो भरल्यासारखी वाटून सेंडर गप्प बसतो. ॲक म्हणजे ‘इथपर्यंत’, तर लूप पण इथपर्यंतच फिरला पाहिजे. हे लिहिताना एक गोष्ट कागदावर पक्की करा, तुमच्या ॲकमधला नंबर म्हणजे ‘शेवटचं मिळालेलं’ की ‘पुढचं हवं असलेलं’? टीएफटीपीत (फाइल पाठवायचा जुना साधा प्रोटोकॉल) ॲकमध्ये आत्ता मिळालेल्या ब्लॉकचा नंबर जातो, टीसीपीत पुढच्या अपेक्षित बाइटचा. दोन्ही ठीक आहेत, पण डिव्हाइसच्या टीमनं एक धरलं आणि सर्व्हरच्या टीमनं दुसरं, की मग एकाच्या फरकाचे असे काही बग निघतात की विचारू नका, आणि प्रत्येक जण आपापल्या बाजूला अधिक एक, वजा एक करत बसतो. मी टीसीपीचीच पद्धत घ्या म्हणेन, कारण ‘काहीच मिळालं नाही’ हे त्यात वेगळी सोय न करता सांगता येतं. वरचं ३ चं उदाहरण पण मी त्याच पद्धतीनं मोजलंय.

तिसरा बग खरं म्हणजे नसलेल्या कोडचा आहे. ॲक खूप पुढचा आला तर? तुम्ही २०० पर्यंतच पाठवलंय आणि ॲक आला ९०० चा. रीबूटच्या आधीच्या सेशनचा असेल, करप्ट असेल, कोणी मुद्दाम पाठवला असेल. तुमचा कोड ‘मोठा आहे’ म्हणून खुशाल पुढे जाईल. टीसीपीचा नियम १९८१ च्या आरएफसी ७९३ पासून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) स्पष्ट आहे, आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी आलेल्या आरएफसी ९२९३ मध्येही: नवा ॲक अना पेक्षा मोठा आणि पुढे पाठवायच्या नंबरापेक्षा लहान किंवा तेवढाच हवा. जे पाठवलंच नाही त्याचा ॲक आला तर पॅकेट टाकून द्यायचं. क्विक (यूडीपीवरच बांधलेला नवा प्रोटोकॉल) तर आणखी कडक आहे, तिथे न पाठवलेल्या पॅकेटचा ॲक ओळखू आला की प्रोटोकॉल व्हायोलेशन म्हणून कनेक्शनच बंद करायला सांगितलंय.

पण थांबा, हा चेक घाईत टाकून लोक नवा बग करतात. टाइमआउट झाल्यावर तुमचा कोड ‘पुढचं पाठवायचं’ हा पॉइंटर मागे, अना वर आणत असेल (बहुतेक जण आणतात), आणि नेमका तेव्हा आधीच्या फेरीचा खरा ॲक उशिरा आला, तर तो मागे आणलेल्या पॉइंटरच्या पुढचा दिसतो आणि तुम्ही चांगला ॲक कचऱ्यात टाकता. म्हणून बीएसडी ह्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या टीसीपीत तिसरा आकडा ठेवलेला असतो, आजवर जास्तीत जास्त कुठपर्यंत पाठवलं तो, आणि वरचा चेक त्याच्याशी करतात. ॲक मान्य झाल्यावर पुढचं-पाठवायचं अना च्या मागे राहिलं असेल तर त्याला ओढून अना वर आणायचं. ही एक ओळ विसरली की सेंडर फ्री केलेला बफर पाठवायला जातो, मग क्रॅश कुठेतरी भलतीकडेच दिसतो आणि लोक मेमरी ॲलोकेटरला शिव्या घालतात.

चौथा, आणि तुमच्या त्याच त्या पॅकेटच्या फेऱ्यांचं मूळ: ‘नसेल तर परत पाठव’. जुना किंवा तोच ॲक आला म्हणून पॅकेट परत पाठवायचं, ह्या चुकीला नाव आहे, सॉर्सरर्स अप्रेंटिस सिंड्रोम, जादूगाराच्या चेल्याचा आजार म्हणा. सुरुवातीच्या टीएफटीपीत हा थेट प्रोटोकॉलमध्येच होता. ब्लॉक ५ पाठवला, त्याचा ॲक हरवला नाही, फक्त उशीर झाला. सेंडरचा टायमर वाजला, ब्लॉक ५ परत गेला. समोरच्यानं दोन्हींना ॲक दिला. पहिल्या ॲकवर ब्लॉक ६ गेला, दुसऱ्या ॲकवर ब्लॉक ६ परत गेला, त्या दोन सहांचे दोन ॲक, मग दोन सात, आणि फाइल संपेपर्यंत सगळं डबल. एकच पॅकेट एकदाच उशिरा आलं, पण त्याची किंमत शेवटपर्यंत. १९८९ च्या आरएफसी ११२३ नं सांगितलं की डुप्लिकेट ॲक आला म्हणून सेंडरनं डेटा परत पाठवायचा नाही, पाठवायचं ते टायमरनं, आणि १९९२ च्या आरएफसी १३५० मध्ये प्रोटोकॉलच दुरुस्त केला. तुमच्याकडे तर ह्याहून वाईट आहे, कारण परत गेलेल्या पॅकेटला परत डुप्लिकेट ॲक येतो आणि त्या ॲकवर परत तेच पॅकेट जातं, हे चाक एकदा सुरू झालं की स्वतःच फिरत राहतं.

लक्षात ठेवा, औषध फक्त सेंडरला द्यायचंय. रिसीव्हरनं डुप्लिकेट पॅकेट आलं की ॲक द्यायचाच, डेटा टाकून द्यायचा पण ॲक द्यायचा. एका मुलानं उलट केलं होतं, ‘डुप्लिकेट आहे ना, मग इग्नोर’, आणि मग एक ॲक हरवला की सेंडर जन्मभर तेच पॅकेट पाठवतोय आणि रिसीव्हर जन्मभर इग्नोर करतोय.

कोणी म्हणेल टीसीपी तर तीन डुप्लिकेट ॲकवर लगेच रीट्रान्समिट करतं. करतं, पण त्याच्या अटी वाचा, आरएफसी ५६८१ मध्ये आहेत: पाठवलेला डेटा बाकी असला पाहिजे, त्या पॅकेटमध्ये डेटा नसला पाहिजे, सिन-फिन (कनेक्शन सुरू-बंद करायच्या खुणा) नको, नंबर आत्तापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या ॲकएवढाच, आणि विंडोचा आकडा बदललेला नको. एवढं सगळं जुळून सलग तीन आले तरच, आणि ते पण एका लॉसला एकदाच, तेव्हा पाठवलेल्या शेवटच्या पॅकेटपर्यंत ॲक येईस्तोवर परत नाही. तुम्ही आत्ता ह्या वाटेला जाऊ नका, सेकंदाला ५ पॅकेटला त्याची गरजच नाही, नुसता टायमर पुरतो.

आता टायमर. फोरजीवर ३०० मिलिसेकंद फिक्स हे कमीच आहे, मोडेम रेडिओ झोपवतो आणि जागा होताना पहिल्या पॅकेटला जास्त वेळ लागतो. पण २ सेकंद फिक्स हे पण उत्तर नाही, मोजून काढा. आरएफसी ६२९८ चा फॉर्म्युला चार ओळींचा आहे: सरासरी आरटीटी (पॅकेट जाऊन ॲक परत यायला लागणारा वेळ) अधिक चार पट चढउतार, सुरुवातीला १ सेकंद. नव्या मापाचं वजन सरासरीत एक अष्टमांश, चढउतारात एक चतुर्थांश, आणि क्रम महत्त्वाचा, आधी चढउतार अपडेट करायचा मग सरासरी. मी लोकांना हे उलट लिहिताना बघितलंय, चालतं, फक्त टाइमआउट जरा लहान येतो आणि कोणाला कळत नाही का.

मापात एक सापळा आहे. पॅकेट दोनदा पाठवलं आणि मग ॲक आला, तो पहिल्याचा की दुसऱ्याचा? सांगता येत नाही. दुसऱ्याचा धरला आणि होता पहिल्याचा, तर आरटीटी ५ मिलिसेकंद निघते, टाइमआउट खाली येतो, आणखी फालतू रीट्रान्समिट, आणखी चुकीची मापं. फिल कार्न आणि क्रेग पार्ट्रिज ह्यांनी १९८७ मध्ये ह्यावर सांगितलेला उपाय अजून तोच आहे: रीट्रान्समिट झालेल्या पॅकेटचं माप घ्यायचंच नाही. पण त्याचा दुसरा अर्धा भाग लोक गाळतात. टायमर वाजल्यावर टाइमआउट दुप्पट करायचा आणि रीट्रान्समिट न झालेल्या पॅकेटचं ताजं माप मिळेपर्यंत तो दुप्पटच ठेवायचा. हे नाही केलं तर खरी आरटीटी टाइमआउटपेक्षा मोठी झाली की प्रत्येक पॅकेट रीट्रान्समिट होतं, म्हणजे माप कधीच मिळत नाही, म्हणजे टाइमआउट कधीच सुधारत नाही. तुमच्या हेडरमध्ये एक बाइट मोकळा असेल तर आणखी सोपं: कितव्यांदा पाठवतोय तो आकडा त्यात टाका आणि सर्व्हरला ॲकमध्ये तसाच परत पाठवायला सांगा, संशयच संपला. क्विकनं तर प्रत्येक रीट्रान्समिटला नवाच पॅकेट नंबर देऊन हा प्रश्न मुळातूनच काढून टाकलाय.

राहिलं ते डेटाबेसमध्ये दोनदा पडणं. शेवटच्या पॅकेटचा ॲक हरवला की असं होतं. सर्व्हरनं शेवटचा ॲक दिला आणि लगेच सेशन पुसलं, ॲक वाटेत गेला, डिव्हाइसनं परत पाठवलं, सर्व्हर म्हणतो कोण तुम्ही, डिव्हाइस म्हणतं फेल, आणि नव्या सेशनमध्ये नव्या नंबरानं तेच रीडिंग परत. उपाय दोन, आणि दोन्ही करा. एक, शेवटचा ॲक दिल्यावर सेशन थोडा वेळ जिवंत ठेवा, टीएफटीपीच्या आरएफसीत पण हेच सांगितलंय, आणि टीसीपीचं टाइम-वेट (कनेक्शन बंद झाल्यावरही थोडा वेळ त्याची नोंद ठेवणं) बऱ्याच अंशी ह्याचसाठी असतं, लिनक्सवर ते ६० सेकंद धरतात. दोन, कितीही वेळ ठेवलं तरी कधीतरी हुकणारच, म्हणून प्रत्येक रीडिंगला डिव्हाइसनंच स्वतःचा आयडी द्यावा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक की (तोच आयडी दोनदा घ्यायचा नाही असा नियम) लावावी. सीक्वेन्स नंबर हा वाहतुकीचा आहे, मालाचा नाही. आणि सेशनला दर वेळी वेगळा रँडम आयडी द्या, नाहीतर रीबूटच्या आधीचा भटका ॲक नव्या सेशनला चिकटेल.

ह्याच्याच उलट बाजूचा बग मी स्वतः केलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी मीटरच्या डेटा कॉन्सन्ट्रेटरवर (अनेक मीटरची रीडिंग गोळा करणारं यंत्र) काम करत होतो, रिसीव्ह फंक्शनमध्ये पॅकेट आलं की पहिल्याच ओळीत ॲक, मग क्यू, मग निवांत फ्लॅशवर लिहिणं. बेंचमार्क फार छान यायचे. मग एका पावसाळ्यात लाइट जायला लागली, कॉन्सन्ट्रेटर रीस्टार्ट झाला की क्यूतलं सगळं गेलेलं, आणि मीटरनी तर ॲक मिळाला म्हणून आपापलं पुसून टाकलेलं. रीडिंग कुठेच नाहीत. तीन दिवस आम्ही रेडिओवर संशय घेत होतो, अँटेना बदलल्या! ॲक फ्लॅशवर लिहून झाल्यावर हलवला, दोन ओळींची अदलाबदल, बस. टीसीपीचा ॲक पण एवढंच सांगतो की समोरच्या कर्नलपर्यंत पोचलं, ॲप्लिकेशननं वाचलं असं तो म्हणत नाही. तेव्हा तुमचा सर्व्हर ॲक कधी देतो ते बघा, डेटाबेस कमिटच्या आधी देत असेल तर तो बग तुमच्याकडे पण आहे, अजून दिसला नाही इतकंच.

मोजणीच्या व्हेरिएबलची साइज पण बघून घ्या, हसू नका, २०१९ मध्ये लिनक्सला ह्यानंच आडवं केलं होतं. सॅक पॅनिक म्हणतात त्याला, नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनीनं शोधला. बफरमध्ये किती सेगमेंट (टीसीपीची पॅकेट) आहेत तो आकडा १६ बिटमध्ये होता. समोरच्यानं एमएसएस (एका सेगमेंटची कमाल साइज) मुद्दाम ४८ चा मागितला की एका सेगमेंटमध्ये डेटा उरतो ८ बाइट, आणि सिलेक्टिव्ह ॲकच्या (सॅक, म्हणजे मधले कुठले तुकडे मिळाले ते सांगणारा ॲक) चलाख क्रमानं ३२ किलोबाइटचे १७ तुकडे एका बफरमध्ये गोळा करायला लावले की सेगमेंट होतात ६९,६३२. ६५,५३५ च्या वर. कर्नल पॅनिक, तेही लांबून.

टेस्टिंगला लिनक्सचं टीसी नेटएम (मुद्दाम खराब नेटवर्क बनवणारं टूल) वापरा, लॉस, डिले, डुप्लिकेट, रीऑर्डर सगळं करता येतं. फक्त नेटएम बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर चालतं हे लक्षात असू द्या. डिव्हाइसच्या बाजूला लावलं तर डेटा हरवेल, ॲक हरवायचे असतील तर सर्व्हरच्या बाजूला लावा, आणि तुमचे बरेचसे बग ॲक हरवल्यावरचे किंवा उशिरा आल्यावरचे आहेत. पण नेटएमच्या आधी एक काम करा, ॲकचं फंक्शन सॉकेट आणि घड्याळापासून सोडवा, म्हणजे इनपुटला सध्याची नोंद, ॲक आणि वेळ, आउटपुटला नवी नोंद आणि काय पाठवायचं ते. मग लॅपटॉपवर खोट्या घड्याळानं लाखभर रँडम ॲक त्याच्यावर सोडता येतात, उलटे, दुहेरी, जुने, भलतेच. सीड (रँडम आकडे ज्यावरून तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) छापून ठेवा, बग निघाला की त्याच सीडनं परत चालवता येतो. प्रत्येक ॲकनंतर तीनच गोष्टी तपासा: अना मागे गेला नाही ना, विंडोतल्या पॅकेटची संख्या आणि भरलेल्या बफरची संख्या जुळते ना, आणि ज्याचा ॲक आलाय ते पॅकेट परत गेलं नाही ना. आम्ही पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा चहा प्यायला जायच्या आत दोन बग निघाले होते, ते पण पाच वर्षं फील्डवर असलेल्या कोडमध्ये.

पॅच एकत्र टाकू नका. आधी तुलना आणि ‘इथपर्यंत’ वाला लूप, कारण लिंक मरते ती ह्यानं. मग पुढच्या ॲकचा चेक आणि डुप्लिकेटवरचं रीट्रान्समिट काढणं. मग सर्व्हरची बाजू. टायमर सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत सीनियरचे २ सेकंद राहू द्या, त्यांनाही बरं वाटेल. ह्यानंतरही लिंक मेली तर दोन्ही टोकांना टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट नोंदवणारं टूल) लावून कॅप्चर घ्या, एकाच टोकाचं नको, त्यात हरवलेला ॲक आणि न पाठवलेला ॲक सारखाच दिसतो. मरायच्या आधीची दहा मिनिटं पुरतील, मग बघू.